नकली पार्सल, अस्सल विहीण

"परत पाठवलंत? माझ्या लेकीची हिरवी साडी तुम्ही दारातून परत पाठवलीत?"

"परत पाठवली नाही, विहीणबाई. मी फक्त घेतली नाही."

"मग त्यात काय वेगळं झालं? पार्सलवर शिक्का लागून आलाय, 'घेण्यास नकार'! अख्ख्या गल्लीनं वाचला!"

"गल्लीनं वाचायला तुम्ही ते ओट्यावर कशाला मांडून ठेवलंत?"

"बघा! चूक स्वतःची आणि वर मलाच बोलायचं! ओळखते मी तुम्हाला. लग्नात रुखवतासमोर उभं राहून माझ्या अनारशांना काय म्हणाला होतात, ते अजून विसरले नाहीये मी!"

"मी? मी एक अक्षर बोलले नव्हते!"

"बोलला होतात! लग्न झाल्यापासून नाही नाही म्हणताय! आता डोहाळजेवण तुमचं तुम्हीच करा. मी येणार नाही!"

परभणीहून फोन आपटल्याचा आवाज आला. मोबाइल आपटता येत नाही म्हणतात. माझ्या विहीणबाईंना येतो.

वळून बघते तर ऋतुजा, माझी सून, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं, कारण मी फोन कायम स्पीकरवर ठेवते. लपवून बोलायची सवय मला नाही. ती आत गेली आणि फुलांचे दागिने करणाऱ्या बाईला फोन करून म्हणाली, "रविवारची ऑर्डर राहू द्या."

ते मला लागलं. आईशिवाय डोहाळजेवणाला बसायचं कुठल्या पोरीच्या जिवावर येणार नाही?

हे भांडण मिटलं ते एका वाक्यानं. ते वाक्य मी अगदी शेवटी सांगणार आहे. आधी सांगितलं तर तुम्ही मधलं वाचणार नाही, आणि मधलं वाचल्याशिवाय सगळा दोष मला द्याल. मी देऊ देणार नाही!

*

मी हैदराबादला, नल्लकुंट्यात एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहते. लिफ्ट आहे, पण ती तिच्या मर्जीनं चालते. तरुण माणसं दिवसभर ऑफिसात. त्यामुळे सगळ्या बिल्डिंगची पार्सलं माझ्या दारात येतात आणि संध्याकाळी ज्याची त्याला मिळतात. हे काम मला कुणी दिलेलं नाही. मी घेतलं.

माझी शाळा चौथीत सुटली. पण तेलुगू मी बसच्या पाट्यांवरून शिकले, इंग्रजी औषधांच्या खोक्यांवरून आणि दखनी, म्हणजे इथली उर्दू, रेल्वे क्वार्टरमध्ये नळावर. नवरा सिकंदराबादला रेल्वेत होता. मोबाइल मला मुलानं शिकवला असं तो चार लोकांत सांगतो. खोटं आहे. त्यानं फक्त विकत आणला.

दुपारी आमची बैठक भरते, जिन्याखालच्या गार जागेत, खुर्च्या टाकून. मी, दुसऱ्या मजल्यावरची कुमुद आणि समोरच्या फ्लॅटमधल्या शाहीन आपा. कुमुद पुण्याची, भूगोलाची निवृत्त शिक्षिका. शाहीन आपा सात पिढ्यांच्या हैदराबादी. वॉचमन यादय्या गेटवरून अर्धं ऐकतो आणि अर्धं मनानं जोडतो.

आता परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाचं एक आहे. त्याचं कुठून ना कुठून पार्सल यायचंच असतं. नांदेडची मावशी मेतकूट पाठवते, लातूरचा दीर तूरडाळ पाठवतो, पुण्याची बहीण भाजणी. त्यामुळे 'तुमचं पार्सल अडकलं आहे' असा मेसेज आला की आमच्यातला कुणीही 'कुठलं पार्सल?' असं विचारत नाही. एकदम ओरडतो, "अरे देवा, मेतकूट!"

म्हणून हे किस्से आमच्याकडे पार्सलच्या रिकाम्या खोक्यांसारखे साचतात. टाकवत नाहीत. जिन्याखाली रचून ठेवायचे आणि कुणी आलं की एकेक काढायचा.

*

पहिला मान कुमुदचा.

एका दुपारी तिला मेसेज आला. 'आपला पत्ता अपूर्ण असल्यामुळे पार्सल देता आले नाही. खालील लिंकवर पत्ता पूर्ण करा.'

दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं. कुमुदला राग आला. जन्मभर मुलांना नकाशे काढायला लावलेली बाई, आणि तिचा पत्ता अपूर्ण?

तिनं लिंक उघडली आणि पत्ता भरायला घेतला. फ्लॅट, मजला, गल्ली. मग 'चिंचेच्या झाडावरून डावीकडे'. मग 'इस्त्रीवाल्याच्या टपरीसमोर; मात्र टपरी सोमवारी बंद असते'. चौकट भरली. पुढं लिहू देईना. ही पुन्हा पहिल्यापासून. मी चष्मा लावून डोकावले तर पत्त्याच्या खाली बँकेच्या कार्डाचा नंबर मागत होते, पाच रुपये पुन्हा पोचवण्याचे म्हणून.

"कुमुद, तू काही मागवलंयस?"

"नाही."

"कुणी पाठवतोय म्हणून सांगितलंय?"

"नाही."

"मग पत्ता कुणाला देतेयस?"

"अगं, पण अपूर्ण आहे म्हणतोय ना तो!"

मी फोन हिसकावला, ते पान बंद केलं आणि मेसेज पुसून टाकला. तिला बजावलं, की पार्सल खरंच असेल तर ज्या दुकानातून मागवलं त्याच्याच अ‍ॅपमध्ये आपण स्वतः जाऊन बघायचं. मेसेजमधल्या लिंकला बोट लावायचं नाही.

कुमुद पाच मिनिटांनी म्हणाली, "टपरीचं लिहायला नको होतं. तेवढंच जास्त झालं."

*

शाहीन आपांकडे माणूस प्रत्यक्ष आला. डोक्यावर टोपी, हातात चांगला जड डबा. "साहब ने मंगाया. कॅश ऑन डिलिव्हरी. जल्दी दीजिए, आगे जाना है."

घाई करतात ना, तिथंच समजायचं. पण आपांनी घाई बघितलीच नाही. त्यांनी वेगळंच बघितलं.

"कौन से साहब?"

"आपके मियां, आपा. आपके लिए मंगाए."

आपा दाराला टेकून उभ्या राहिल्या. "मेरे लिए? चालीस बरस हो गए शादी को. ये आदमी मेरे लिए एक रुमाल नई लाया, अब डब्बा मंगारा? झूट बोलना है तो सोच के बोलो बेटा! बोलो पड़ोसन के लिए मंगाए, तो मैं मान भी जाती."

तो माणूस डबा घेऊन असा पळाला की टोपी जिन्याखाली पडली.

खालूजान, म्हणजे आपांचे मियां, आतल्या खोलीत पेपर वाचत होते. सगळं ऐकलं त्यांनी. संध्याकाळी बाहेर पडले आणि रुमालांचं पाकीट घेऊन आले. आपांनी ते आम्हाला दाखवलं, घडी न मोडता.

"अक्का, देखो. चोर आया, पर घर में कुछ रख के गया!"

*

मला फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते.

"अम्मा, आपका पार्सल आया. हमने ऑर्डर नहीं किया, ऐसा आप बोले तो कॅन्सल करना पड़ेगा. मोबाइल पर एक नंबर आएगा, वो बोलो."

म्हणजे बघा, न मागवलेलं पार्सल रद्द करायला ओटीपी! पार्सल घ्यायला नंबर मागतात हे ठाऊक होतं. हा आमच्या नकाराचाही नंबर मागत होता!

मी म्हटलं, "थांब बाबा, चष्मा शोधते." फोन ओट्यावर ठेवला आणि कुकर लावला. शिट्टी झाली. फोन उचलला. "आहेस का?"

"हां अम्मा, मिला चश्मा?"

"एक काच सापडली. थांब."

फोडणी दिली. पोळ्या लाटल्या. तो बिचारा लाइनीवर. शेवटी वैतागला. "अम्मा, आप मेरा टाइम खराब कर रहे!"

"तुला पगार आहे का रे?" मी मराठीत दखनी मिसळून विचारलं. "की कमिशन है? पगार असेल तर बस निवांत, मी अजून भात लावायचाय. कमिशन असेल तर ठेव फोन. इथे तुझी भवानी होणार नाही."

अगदी खऱ्या आवाजात, पहिल्यांदाच खऱ्या आवाजात, तो म्हणाला, "कमिशन है, अम्मा."

आणि ठेवला त्यानं फोन!

*

आता आमचे चिरंजीव. निखिल. मोठ्या कंपनीत आहे. लोकांनी पासवर्ड कसे जपावेत हे शिकवायचे वर्ग घेतो. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं गोड लागेल.

एके दिवशी तो घरूनच काम करत होता. जेवायला हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली, नाही. आमच्या घरात पिठलं-भात असताना निखिलनं ओ दिली नाही, असं कधी झालेलं नाही. खोलीचं दार लावलेलं. ढकललं. हा ताठ बसलेला, कपाळावर घाम, आणि लॅपटॉपमध्ये एक पोलीस.

"माताजी, बाहर जाइए," पोलीस म्हणाला. "पूछताछ चल रही है. ये डिजिटल अरेस्ट में है."

"कसली रे पूछताछ?"

निखिल कुजबुजला, "आई, माझ्या नावानं परदेशात जाणारं पार्सल पकडलंय. त्यात ड्रग्ज सापडलेत. कुणाशी बोललो तर केस वाढेल म्हणतायत."

"तू पाठवलं होतंस?"

"नाही गं!"

"मग घामाघूम कशाला झालास?"

"आई, त्यांच्याकडे माझं आधार कार्ड आहे!"

"आधार तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडंही आहे! तो कधी अटक करतो का आपल्याला?"

पोलीस ओरडायला लागला. मी त्याच्याशी हुज्जत घातली नाही. बाहेर आले आणि वायफायचं बटण बंद केलं.

एवढं मोठं पोलीस खातं, एका बटणात गेलं!

निखिल अजून कुजबुजतच होता. "आई, ते घरी आले तर?"

"येऊ देत. खरे असतील तर दार वाजवतील, कागद दाखवतील. फोनवरून कुणी कुणाला अटक करत नाही. हात धू."

जेवण झाल्यावर मात्र त्याला सायबर तक्रारीच्या सरकारी नंबरावर फोन करायला बसवलं. घाबरलो होतो म्हणून लपवायचं नाही, हा माझा नियम. निखिलनं तक्रार नोंदवली. पलीकडच्या बाईंनी व्यवसाय विचारला, तेव्हा त्यानं उठून खोलीचं दार लावून घेतलं.

*

यादय्याला कार लागली.

त्याच्या नावानं एक चपटं पार्सल आलं. आत एक कार्ड, नखानं खरवडायचं. खरवडलं तर खाली चकचकीत कारचं चित्र. 'अभिनंदन!' यादय्यानं ते कार्ड गेटवर देवाच्या फोटोशेजारी लावलं.

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमध्ये भांडण पेटलं. पार्किंगवरून!

तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, पाहुण्यांच्या जागेत वॉचमनची कार चालणार नाही. मी म्हटलं, का चालणार नाही? तुमच्या मेव्हण्याची धूळ खाणारी गाडी चालते, मग यादय्याची नवी कोरी का नाही? मीटिंग बोलावली. कुमुदनं नकाशा काढला. शाहीन आपा म्हणाल्या, हमारी स्कूटर हटा देते, बेचारे को जगह दो. मी तर इतकी भांडले की दोन दिवस घसा बसला. कार खरंच आहे का, हा प्रश्न कुणी तरी मध्येच काढला. मी त्याला गप्प केलं. तो प्रश्न वेगळा, हक्काचा प्रश्न वेगळा!

ठराव झाला नाही. दुसऱ्या दिवशी कार्डवाल्यांचा फोन आला. कार निघालीय, फक्त रजिस्ट्रेशनची फी आधी भरा. आम्ही सगळे कान देऊन उभे. मी पुढं होणार, इतक्यात यादय्यानंच तोंड पाडून सांगून टाकलं,

"पार्किंग लेदु सार. कारु वद्दु."

पार्किंग नाही साहेब, कार नको. पलीकडचा माणूस त्याला अर्धा तास समजावत होता, की पार्किंगचं काहीतरी करता येईल!

*

एवढं झाल्यावर मी बिल्डिंगला दोन नियम घालून दिले. पहिला, ज्यानं पाठवलं त्यानं आधी फोन करायचा. फोन नाही तर पार्सल नाही. दुसरा, अनोळखी नंबरावरून कुणी ओळखीच्या आवाजात बोललं, तरी भुलायचं नाही. हल्ली यंत्रानं आवाजही हुबेहूब काढतात. आपल्या दोघांतलीच एखादी गोष्ट विचारायची, जी तिसऱ्याला ठाऊक नसते.

पहिला सापडला निखिलच. बंगळूरला गेला होता, फोन टॅक्सीत विसरला, आणि ऑफिसातल्या दुसऱ्याच्या फोनवरून मला फोन केला. "आई, मी निखिल. नवीन फोन घ्यावा लागणार. जरा पैसे टाक."

"लहानपणी तू कशाला घाबरायचास?"

"आई, प्लीज. इथे सगळे आहेत."

"मग तू निखिल नाहीस."

"आई!"

"ठेवते."

"नंदीबैलाला!" तो ओरडला. "संक्रांतीला यायचा त्या नंदीबैलाला! पलंगाखाली लपायचो! झालं समाधान?"

झालं. पैसे टाकले. ऑफिसात त्याला अजून कुणी तरी गुबूगुबू म्हणून हाक मारतं, त्याला मी काय करू?

मग मी तोच धडा फोन करून विहीणबाईंना दिला. परभणीला त्या एकट्याच असतात, काळजी वाटते हो. मी त्यांना बजावलं, "अगदी माझा आवाज आला तरी विश्वास ठेवायचा नाही. खूण विचारायची." त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. त्या माझं ऐकत असतील, असं मला वाटलं नव्हतं.

*

आता ते पार्सल.

सोमवारी कूरिअरवाला आला. "ऋतुजा मॅडम, परभणी से."

परभणी म्हटल्यावर मी जरा मऊ झाले होते. पण पाठवणाऱ्याचं नाव बघितलं तर कुणी बालाजी. आमच्या नात्यात बालाजी नाही. मी परभणीला फोन केला, की बाई, तुम्ही काही पाठवलंय का? तर फोन उचलला नाही. नियम म्हणजे नियम. "नाही घेणार, ने."

तो मंगळवारी पुन्हा आला. "अम्मा, असली है. पैसे भी नहीं देने."

"पैसे नको? मग तर नक्कीच काहीतरी आहे!"

बुधवारी तिसऱ्यांदा आला तेव्हा आमची बैठक भरलेली होती. आम्ही तिघी आणि यादय्या, सगळ्यांनी त्या खोक्याला घेरलं. कुमुदनं पत्ता तपासला आणि नाक मुरडलं, "पिन कोड बरोबर आहे. इतका बरोबर कुणी लिहीत नाही." यादय्यानं कान लावला. शाहीन आपा वाकल्या आणि त्यांनी वास घेतला.

"अक्का, घी की खुशबू आरी जी. असली घी."

मी म्हटलं, "बघा आपा! किती पोचलेले लोक आहेत! आता वासही घालून पाठवतात!"

आणि परत लावून दिलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. बालाजी निघाला विहीणबाईंचा भाचा. त्यानं आपल्या दुकानातून पार्सल केलं होतं. खोक्यात डोहाळजेवणाची हिरवी साडी आणि साजूक तुपात तळलेले अनारसे. लेकीला अचानक खूश करायचं म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं, आणि मी फोन केला तेव्हा गुपित फुटेल म्हणून मुद्दाम उचलला नव्हता! 'घेण्यास नकार'चा शिक्का लागून ते खोकं शुक्रवारी परभणीला पोचलं आणि त्याच दुपारी तो फोन आला, ज्यानं मी सुरुवात केली.

आता सांगा, चूक कुणाची? गुपितं कूरिअरनं पाठवायची असतात का?

*

शनिवार. उद्या डोहाळजेवण. ऋतुजा जेवली, पण नुसती पानावर बसली म्हणायचं. संध्याकाळी निखिल म्हणाला, "आई, एकदा माफी माग ना."

"कुणाची?"

"त्यांची."

"माफी? मी?"

ऋतुजा तेव्हा फुलांच्या रिकाम्या परडीत आपल्या बांगड्या ठेवत होती. वर बघितलं नाही तिनं. मी म्हटलं, आण तो फोन.

माझ्या नंबरावरून विहीणबाई उचलेनात. निखिलच्याही नाही, स्वतःच्या लेकीच्याही नाही. शेवटी शाहीन आपांचा फोन घेतला. जिन्याखाली सगळी जमली. निखिल, ऋतुजा, कुमुद, आपा, गेट सोडून यादय्या. फोन स्पीकरवर.

"हॅलो, कोण?"

मी डोळे मिटले. "विहीणबाई, मी बोलतेय, नल्लकुंट्याहून. चुकलं माझं. माफ करा मला."

तिकडून हळूच, "कोण बोलतंय?"

"अहो मी! ऋतुजाची सासू!"

"खोटं. माझी विहीण 'चुकलं' म्हणत नाही. हा नंबरही तिचा नाही. ठेव फोन, मेल्या! यंत्रातून बाईचा आवाज काढतोस?"

ठेवला!

शाहीन आपांनी ओढणी तोंडात कोंबली. कुमुद भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी पुन्हा लावला. "विहीणबाई, अहो मीच आहे! ऋतुजा, तू बोल गं आईशी!"

ऋतुजा कालपासून पहिल्यांदा हसली. दोन्ही हातांनी पोट धरून हसली. मला म्हणाली, "मी कशी बोलू आई? माझाही आवाज नकली असू शकतो. तुम्हीच शिकवलंय सगळ्यांना."

"बरोबर बोलली पोरगी," परभणीहून आवाज आला. "तिची सासू असाल तर खूण पटवा. दोघींतलीच गोष्ट विचारते, तिसऱ्याला ठाऊक नाही अशी."

"विचारा!"

"लग्नात, रुखवतासमोर, माझे अनारसे बघून माझ्या विहिणीनं मला काय म्हटलं होतं?"

निखिल माझ्याकडे बघायला लागला. ऋतुजाही.

"मी काही म्हणाले नव्हते," मी म्हणाले.

"मग तू माझी विहीण नाहीस. ठेवते."

"थांबा!"

"हे बघा," विहीणबाई सावकाश म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात मला कुठंतरी हसू ऐकू आलं, पण शपथेवर सांगणार नाही. "जसंच्या तसं सांगितलं तर आज रात्रीच्या गाडीनं निघते, साडी घेऊन. नाही सांगितलं तर हा नंबर पोलिसांत देते."

मी ऋतुजाकडे बघितलं. फुलांच्या बाईचा नंबर तिनं आधीच हातात काढून धरला होता.

मी गळा साफ केला, पदर खोचला आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"विहीणबाई, माझी खुर्ची डुगडुगतेय, तेवढा तुमचा एक अनारसा द्या, तिच्या पायाखाली सरकवते!"